मत्स्यपालनात उतरताय? तळं खोदण्याआधी नदी-समुद्राचा हिशेब मांडा

२०२२ साली जगात पाळलेल्या मासळीनं पकडलेल्या मासळीला पहिल्यांदाच मागं टाकलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी मासे, कोळंबी, शिंपले असे सगळे जलचर धरून पाळलेलं उत्पादन सुमारे ९.४ कोटी टन झालं आणि समुद्र-नद्यांतून पकडलेलं सुमारे ९.१ कोटी टन. हे वाचून बऱ्याच जणांनी परस्पर ठरवून टाकलं, की चला, आता समुद्रावरचा ताण उतरणार. आपोआप तो उतरत नाही. माझं तर म्हणणं असं, की वाईट रीतीनं केलेलं मत्स्यपालन समुद्राला ट्रॉलरइतकंच, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीइतकंच, महागात पडतं.

याचं कारण साधं आहे. तुमचं तळं बांधानं वेगळं केलेलं असलं तरी तीन ठिकाणी ते बाहेरच्या पाण्याला जोडलेलं असतं : बीज म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं कुठून येतात, खाद्य कशाचं बनतं आणि पाणी कुठे जातं. नवखा माणूस सगळा वेळ खोदकाम आणि यंत्रांत घालवतो आणि या तीन गोष्टी विक्रेत्यावर सोडून देतो. खाली पायऱ्या क्रमानं दिल्या आहेत, पण प्रत्येक पायरीवर हे तीन सांधे डोळ्यांसमोर ठेवा.

पहिली पायरी : कायदा आधी वाचा, खोदकाम नंतर

"मी तळ्यात मासे पाळणार, मला मासेमारीच्या कायद्याशी काय करायचंय?" असं नवीन लोक हमखास विचारतात. करायचं आहे, आणि बरंच. त्यासाठी हे कायदे कशासाठी आले ते आधी समजून घ्यावं लागेल.

माशांचा एखादा साठा, म्हणजे एका भागातल्या पाण्यात राहणारे एका जातीचे सगळे मासे, पूर्ण भरलेला असतो तेव्हा खाणं आणि जागा अपुरी पडते, पिल्लं फारशी जगत नाहीत, साठ्यात भर पडत नाही. साठा अगदी आटतो तेव्हा अंडी घालायला माद्याच उरत नाहीत, तेव्हाही भर पडत नाही. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी दरवर्षीची भर सर्वांत जास्त असते. तेवढीच काढून घेतली तर साठा जागच्या जागी राहतो. याला महत्तम शाश्वत उत्पादन म्हणतात. १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारानं किनारी देशांना २०० सागरी मैलांपर्यंतच्या माशांवर हक्क दिला, तो साठा टिकवण्याची जबाबदारी घालूनच, आणि तिथे मोजमाप म्हणून हीच कल्पना धरली. अडचण अशी, की समुद्रातले मासे कुणाला मोजता येत नाहीत, फक्त अंदाज बांधता येतो. अंदाज थोडा चुकला आणि त्यातच एखादं वर्ष वाईट गेलं, की ‘महत्तम’ पकड म्हणजेच अतिमासेमारी ठरते. म्हणून १९९५ च्या मत्स्यसाठा करारानं हा आकडा गाठायचं लक्ष्य न मानता ओलांडायची नाही अशी मर्यादा मानायला सांगितलं.

अंदाज चुकल्यावर काय होतं ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंडनं पाहिलं. तिथल्या कॉड माशावर शतकानुशतकं वस्त्या जगल्या. १९६८ साली पकड आठ लाख टनांच्या घरात गेली आणि मग साठा कोसळत गेला. २ जुलै १९९२ ला सरकारनं मासेमारी बंद केली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती. ती उठायला २०२४ साल उजाडलं. आजही जगातल्या तपासल्या गेलेल्या समुद्री साठ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक साठ्यांतून झेपेल त्यापेक्षा जास्त मासे काढले जातात.

कायदे या आजारावर वेगवेगळ्या बाजूंनी उपाय करतात. जाळ्याच्या आसाचा म्हणजे छिद्राचा आकार आणि विक्रीयोग्य माशाची किमान लांबी ठरवली, की पिल्लं सुटतात. विणीच्या हंगामात बंदी घातली, की अंडी पडतात. स्फोटकं, विष, वीज वापरून मासे मारायला जवळपास सगळीकडे मनाई असते. न्यूझीलंडनं १९८६ पासून प्रत्येक साठ्याची वार्षिक पकड ठरवून ती हिश्श्यांत वाटायला सुरुवात केली. २०१६ मध्ये लागू झालेल्या बंदर-राष्ट्र करारामुळे चोरून मासे पकडणाऱ्या परदेशी बोटींना बंदरात घेणं नाकारता येतं. आणि अशा मासेमारीला तसंच आटलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला सरकारी अनुदान देऊ नये, असा जागतिक व्यापार संघटनेचा करार २०२२ मध्ये झाला व सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आला.

आता यातलं तुमच्या तळ्यापर्यंत काय पोचतं? नदी-खाडीतून पिल्लं गोळा करून तळ्यात सोडणं अनेक ठिकाणी परवान्याशिवाय करता येत नाही, काही ठिकाणी तर मुळीच नाही. परदेशी जात पाळायला वेगळी परवानगी लागते. बंदीच्या काळात मासे विकायला नेले तर ते पाळलेले आहेत हे कागदावर दाखवावं लागू शकतं. तळ्याचं पाणी ओढ्यात सोडायलाही नियम असतात. म्हणून जागा घेण्याआधी तुमच्या भागातल्या मत्स्य विभागात आणि प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयात जाऊन तीन गोष्टी लेखी विचारा : कोणत्या जाती चालतात, बीज कुठून घेता येतं, पाणी कुठे सोडता येतं. तोंडी उत्तरावर पैसे गुंतवू नका.

दुसरी पायरी : जात निवडणं, म्हणजेच अर्धा निकाल

बाजारात भाव कशाला आहे एवढंच पाहून जात निवडायची नसते. तो मासा अन्नसाखळीत कुठे बसतो ते आधी पाहा.

सर्वांत कमी भार टाकणारे म्हणजे शिंपले, कालवं आणि समुद्री शेवाळ. त्यांना खाद्य घालावंच लागत नाही, पाण्यात आहे त्यावरच ती वाढतात. त्यानंतर कार्प आणि तिलापियासारखे शाकाहारी-मिश्राहारी मासे. सामन, ट्राउट, जिताडा यांसारख्या मांसाहारी माशांना ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं खाद्य लागतं आणि ती प्रथिनं बऱ्याचदा दुसऱ्या माशांपासूनच येतात.

गोड्या पाण्यात नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी मिश्र कार्प संवर्धनच सुचवीन. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगल तळाशी. एकाच तळ्यात तिघांची पंगत वेगवेगळी बसते, त्यामुळे खाद्यही वाया जात नाही.

‘पाळलेला’ हा शब्द ऐकून फसू नका. ईल मासा पाळतात खरा, पण त्याची पिल्लं व्यापारी प्रमाणावर उबवणी केंद्रात तयार होत नाहीत, ती समुद्रातूनच पकडून आणावी लागतात. म्हणजे जेवढं पालन वाढेल तेवढी लूट वाढते. युरोपीय ईलचा साठा इतका घसरला, की त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००९ पासून सायटीस या धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या कराराच्या नियंत्रणाखाली आला. तुमच्या मनातल्या जातीचं बीज उबवणी केंद्रातून येतं की नदी-समुद्रातून, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर ‘नदी-समुद्रातून’ असेल तर दुसरी जात बघा.

परदेशी जातींबद्दलही तेच. सिल्व्हर कार्प आणि बिगहेड कार्प १९७० च्या दशकात अमेरिकेत तळ्यांचं पाणी साफ ठेवायला आणले. तिथून ते निसटले, मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरले आणि आता स्थानिक माशांच्या तोंडचं प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खातात. ‘माझं तळं बंदिस्त आहे’ असं तेव्हाही सगळे म्हणतच असणार. पूर आला की बंदिस्त काही राहत नाही.

तिसरी पायरी : जागा आणि तळं

माती पाणी धरते का ते घरच्या घरी कळतं. मूठभर ओली माती घ्या, घट्ट गोळा करा, वर फेकून झेला. गोळा फुटला नाही तर चिकणमाती पुरेशी आहे. नंतर कमरेएवढा खड्डा करून संध्याकाळी पाण्यानं भरा आणि सकाळी किती उतरलं ते बघा. पहिल्यांदा माती पाणी पिते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तपासलं तरच खरं कळतं.

खोली दीड ते दोन मीटर पुरे. याहून खोल तळ्यात तळाला प्राणवायू पोचत नाही. पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी हवीच : आत येताना नको ते मासे अडतात, बाहेर जाताना तुमचे. बांधाची उंची ठरवताना गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी आजूबाजूच्या जुन्या माणसांना विचारा आणि त्याहून वर ठेवा.

खारफुटी तोडून किंवा पाणथळ जागा भरून तळी करायची नाहीत. कायदा नसता तरी करायची नव्हती, कारण किनाऱ्यावरच्या कित्येक माशांची आणि कोळंबीची पिल्लं तिथेच मोठी होतात.

बायोफ्लॉक (जिवाणूंच्या गुठळ्यांकडून पाणी साफ ठेवणाऱ्या) किंवा पाणी फिरवून वापरणाऱ्या टाक्यांच्या जाहिरातींना नवशिके चटकन भुलतात. पाणी आणि जागा कमी लागते हे खरं आहे. पण दाट साठवणीच्या टाकीत वीज गेली आणि पर्यायी सोय नसली, तर तासाभराच्या आत सगळं संपू शकतं. एक-दोन हंगाम मातीच्या तळ्यात हात बसू द्या, मग टाकीकडे वळा.

चौथी पायरी : पाणी तयार करणं आणि बीज सोडणं

तळं रिकामं असेल तर उन्हात वाळवा, मातीचा सामू म्हणजे पीएच तपासा आणि आम्ल असेल तर त्या प्रमाणात शेतीचा चुना टाका. पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा. मग थोडं खत देऊन प्लवंग वाढू द्या. पाणी हलकं हिरवट झालं, की कोपरापर्यंत हात बुडवा. तळवा कोपराच्या आसपास बुडाल्यावर दिसेनासा होत असेल तर ठीक. मनगटाशीच दिसेनासा झाला तर खत बंद.

बीज नोंदणीकृत उबवणी केंद्रातून आणि पावती घेऊनच आणा. मत्स्यजिरे म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं स्वस्त पडतात पण मरतात फार, नवख्यानं बोट-दीड बोट लांबीची वाढलेली पिल्लं म्हणजे बोटुकलीच घ्यावी. पिशवीतली बोटुकली टपात सोडून बघा. निरोगी पिल्लं प्रवाहाविरुद्ध पोहतात, हात घातला की पांगतात. पिशवी तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या. मिश्र कार्पसाठी हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली पुष्कळ झाली. पहिल्या वर्षी पाचाच्या जवळ राहा.

पाचवी पायरी : खाद्य, आणि समुद्राशी खरा संबंध

इथे जरा थांबून हिशेब करू. एक किलो फिशमील म्हणजे मासळीची भुकटी बनवायला साधारण साडेचार किलो ओली मासळी लागते, बहुतेक वेळा अँकोव्हीसारखे छोटे मासे. समजा तुमच्या खाद्यात १० टक्के फिशमील आहे आणि एक किलो मासा वाढायला १.६ किलो खाद्य लागतं. म्हणजे किलोमागे १६० ग्रॅम फिशमील, आणि त्यामागे सुमारे ७०० ग्रॅम समुद्रातली मासळी. किलोभर तयार करायला पाऊण किलोही लागली नाही, हिशेब बरा आहे. आता तेच खाद्य ३० टक्के फिशमीलचं घ्या. ४८० ग्रॅम फिशमील, त्यामागे दोन किलोंहून जास्त समुद्रातली मासळी. एक किलो मासा पिकवायला दोन किलो मासे संपवले.

याहून वाईट म्हणजे ट्रॉलरच्या जाळ्यात आलेली बारीक मासळी जशीच्या तशी तळ्यात टाकणं. त्या ढिगात चांगल्या जातींची पिल्लंही असतात, जी दोन वर्षांनी मोठी होऊन अंडी घालणार होती. एका किलोसाठी अशी पाच किलोंहून अधिक मासळी सहज खपते, पाणी नासतं ते वेगळंच. किमान आकाराचे कायदे ज्या पिल्लांना वाचवायला केले, तीच या वाटेनं संपतात.

म्हणून खाद्याच्या गोणीवर तीन गोष्टी पाहा : प्रथिनांचं प्रमाण, फिशमील आहे का आणि ते कुठलं. कार्पला २५ ते ३० टक्के प्रथिनं पुरतात आणि ती सोयाबीन, शेंगदाणा पेंड, भाताचा कोंडा यांतून बऱ्यापैकी भागतात. काही फिशमील मासे साफ करताना उरलेल्या डोकी-काट्यांपासून बनतं, ते चांगलंच. विक्रेत्याला उगम सांगता येत नसेल तर तेच उत्तर समजा.

किती घालायचं? दर पंधरवड्याला फेकजाळ्यानं पन्नासेक मासे काढा, बादलीत एकत्र तोला आणि सरासरी काढा. तळ्यात ५००० मासे आणि सरासरी २०० ग्रॅम असेल तर एकूण वजन १००० किलो. त्याच्या २ टक्के म्हणजे दिवसाला २० किलो खाद्य. पिल्लं लहान असताना हे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असतं, मग उतरत जातं. खाद्य ठरलेल्या जागी, ट्रेमध्ये ठेवा आणि दोन तासांनी ट्रे उचलून बघा. उरलं असेल तर उद्या कमी. ढगाळ हवेत आणि थंडीत मासे कमी खातात, तेव्हा हात आखडता घ्या. जास्त घातल्यानं जास्त वाढतात हा गैरसमज खाद्य कंपन्यांच्या फायद्याचा आहे, तुमच्या नाही.

सहावी पायरी : रोजचं पाणी

३० टक्के प्रथिनांच्या १०० किलो खाद्यात सुमारे ४.८ किलो नत्र असतं. त्यातून वाढलेल्या साठेक किलो माशांच्या अंगी दीड-पावणेदोन किलो लागतं. उरलेलं तीन किलो तुमच्या तळ्यात अमोनिया होऊन फिरतं. तळ्याचे निम्मे आजार इथून सुरू होतात.

तपासणी संचात दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग सामूवर ठरतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना तो अर्धा टक्का असतो, ८ ला पाच टक्के, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. शेवाळ दाट असलेल्या तळ्यात सामू दुपारी चढतो. म्हणजे सकाळी निरुपद्रवी वाटलेलं पाणी दुपारी तीनला घातक असू शकतं. अमोनिया दुपारीच मोजा.

प्राणवायूचं बरोब्बर उलट. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरतं, त्यामुळे तो पहाटे सर्वांत कमी असतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅम असेल तर उत्तम, ३ च्या खाली गेला की मासे ताणात येतात. मीटर नसला तरी पहाटे बांधावर गेलात की कळतं : मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून असतात आणि टाळी वाजवली तरी खाली जात नाहीत. तेव्हा एरेटर म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र लावा किंवा पंपानं पाणी उंचावरून पाडा, शक्य असेल तर ताजं पाणी घ्या, आणि त्या दिवशी खाद्य-खत दोन्ही बंद.

औषधांबद्दल थोडक्यात. माशांना काहीतरी झालंय असं वाटलं, की आधी पाणी तपासा. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान गटातली औषधं आणि मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांसाठी बहुतेक देशांत बंद आहेत, कुणी सुचवली तरी घेऊ नका. प्रतिजैविक पशुवैद्यकानं लिहून दिल्याशिवाय वापरायचं नाही. मेलेले मासे ओढ्यात टाकू नका, चुना टाकून खोल पुरा.

सातवी पायरी : काढणी, कागद आणि शेवटचं पाणी

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. सगळे मासे एकदम काढण्यापेक्षा मोठ्या आसाचं जाळं लावून आधी मोठे काढले, तर लहानांना जागा मिळते आणि भावही सांभाळता येतो.

एक वही ठेवा. बीजाची पावती, खाद्याची बिलं, पंधरवड्याची वजनं, काढणीची तारीख आणि खरेदीदार. बंदीच्या काळात कुणी अडवलं तर हीच वही तुमच्या बाजूनं बोलते. पुढे प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं, उदाहरणार्थ २०१० मध्ये स्थापन झालेल्या अॅक्वाकल्चर स्ट्युअर्डशिप कौन्सिलचं, तर तपासनीस आधी नोंदीच मागतात. विणीच्या हंगामात पकडलेला नदीतला मासा तुमच्या तळ्यात ‘पाळलेला’ म्हणून खपवायला कुणी मागं लागेल. त्याला दारातूनच परत पाठवा, एका खेपेनं तुमचा परवाना जातो.

तळं रिकामं करताना घाई नको. सगळ्यात जास्त घाण शेवटच्या पंधरा-वीस टक्के पाण्यात असते, कारण जाळी ओढून तळाचा गाळ ढवळलेला असतो. वरचं पाणी आधी सोडा, जमलं तर शेताला द्या. खालचं दोन-तीन दिवस तसंच निवळू द्या, मग हळूहळू काढा, किंवा शेजारच्या खड्ड्यात घेऊन गाळ बसू द्या. गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ शेतात चांगला चालतो. खाऱ्या तळ्याचा मात्र चुकूनही टाकू नका, जमीन खारवते.